निष्कर्षाचे स्थलांतर : चार ज्ञानशाखांतील संशोधनाचा समीक्षात्मक विचार

सारांश

कोणताही संशोधनात्मक निष्कर्ष विशिष्ट नमुन्यावर, विशिष्ट काळात आणि विशिष्ट परिस्थितीत सिद्ध झालेला असतो. तो दुसऱ्या ठिकाणी वापरताना या तिन्ही गोष्टींची नोंद त्याच्यासोबत जावी लागते. प्रस्तुत लेखात वैद्यकीय प्रतिमांकन, शेतमालाचा व्यापार, पूरसंरक्षण आणि कौटुंबिक उद्योगातील वारसा या चार क्षेत्रांतील संशोधनाच्या आधारे ही नोंद कोठे व कशी गळून पडते, तसेच त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा विचार केला आहे. बहुविद्याशाखीय नियतकालिकांतील तज्ज्ञ-परीक्षणाने या प्रश्नाला अग्रक्रम द्यावा, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

महाविद्यालयांच्या नियतकालिकांच्या मुखपृष्ठावर ‘बहुविद्याशाखीय’ हे विशेषण आता सर्रास आढळते. एकाच अंकात संतसाहित्य, वनस्पतिशास्त्र, सहकारी पतसंस्था आणि संगणकशास्त्र या विषयांवरील निबंध एकापाठोपाठ छापले जातात. परंतु एका बांधणीत शेजारी येणे आणि एकमेकांशी बोलणे यांत फरक आहे. वाणिज्य विभागातील अध्यापक वनस्पतिशास्त्राचा निबंध वाचत नसेल, तर तो अंक बहुविद्याशाखीय ठरण्याऐवजी अनेक विषयांचा संग्रह ठरतो.

ज्ञानशाखांनी एकमेकींकडे न पाहिल्यास काय होते, याचे उदाहरण सीटी स्कॅनच्या इतिहासात मिळते. निरनिराळ्या दिशांनी घेतलेल्या मोजमापांवरून वस्तूच्या अंतरंगाची मांडणी कशी करावी, याचे गणित योहान राडॉन या गणितज्ञाने १९१७ मध्ये सोडवले होते. ॲलन कॉर्मॅक या भौतिकशास्त्रज्ञाला त्याची माहिती नसल्याने त्याने तोच प्रश्न स्वतंत्रपणे सोडवून १९६३ व १९६४ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. त्या निबंधांकडे वैद्यकक्षेत्राचे जवळजवळ लक्षच गेले नाही. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने पुन्हा स्वतःच्या वाटेने यंत्र घडवले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेतली गेली. कॉर्मॅक व हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गणित आणि रुग्णालय यांच्यातील अंतर ओलांडण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

आजची अडचण मात्र वेगळ्या स्वरूपाची आहे. उसनवारी आता अत्यंत सुलभ झाली आहे. सांख्यिकीय पद्धती संगणकाच्या प्रणालीत तयार मिळतात, जागतिक आकडेवारी घरबसल्या उतरवून घेता येते आणि परदेशी अभ्यासातील टक्केवारी एका वाक्यात उद्धृत करता येते. पद्धत येते, आकडा येतो, पण तो ज्या अटींवर उभा होता त्या अटी मागे राहतात. या प्रक्रियेला प्रस्तुत लेखात ‘निष्कर्षाचे स्थलांतर’ असे म्हटले आहे. परस्परांशी वरवर संबंध नसलेल्या चार क्षेत्रांत तिचे स्वरूप तपासल्यास एकच दोष चार वेषांत दिसतो.

२. वैद्यकीय प्रतिमांकन : प्रतिमेतील रोग आणि प्रतिमेतील रुग्णालय

क्ष-किरण प्रतिमांवरून रोगनिदान करणारी संगणकीय प्रतिमाने गेल्या दशकात मोठ्या संख्येने तयार झाली. हजारो प्रतिमा आणि त्यांचे निदान संगणकाला पुरवले की तो त्यांतील साम्यस्थळे स्वतः शोधतो. अशा निबंधांत अचूकतेची टक्केवारी ठळकपणे दिलेली असते. ती टक्केवारी कोणत्या प्रतिमांवर मोजली, हा समीक्षेचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

जॉन झेक व सहकाऱ्यांचा २०१८ मधील अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. त्यांनी अमेरिकेतील तीन संस्थांच्या छातीच्या दीड लाखाहून अधिक क्ष-किरण प्रतिमा घेऊन न्यूमोनिया ओळखणारे प्रतिमान तपासले. पाचपैकी तीन तुलनांमध्ये असे आढळले की, ज्या संस्थेच्या प्रतिमांवर प्रतिमान शिकले तेथे त्याची कामगिरी चांगली होती आणि बाहेरच्या संस्थेत ती लक्षणीयरीत्या घसरली. कारण शोधताना अधिक गंभीर बाब पुढे आली. प्रतिमा कोणत्या रुग्णालयातील आहे, हे संगणक जवळजवळ अचूक ओळखू शकत होता. एका संस्थेच्या प्रतिमांत न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर इतर दोन संस्थांत ते सुमारे १ टक्का होते. अशा स्थितीत रुग्णालय ओळखले तरी रोग ओळखल्यासारखे यश दिसते. फुप्फुसाकडे न पाहताही परीक्षेत उत्तीर्ण होण्याची सोय त्या माहितीतच होती.

करोना साथीच्या काळात हाच दोष व्यापक प्रमाणावर दिसून आला. छातीच्या क्ष-किरण व सीटी प्रतिमांवरून करोनाचे निदान वा पूर्वानुमान करणाऱ्या संशोधनाचा आढावा केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जानेवारी ते ऑक्टोबर २०२० या काळातील २,२१२ निबंधांपासून आरंभ करून प्राथमिक चाळणीनंतर ४१५ आणि गुणवत्तेच्या चाळणीनंतर ६२ निबंध उरले. त्यांपैकी एकही प्रतिमान रुग्णालयात वापरण्यायोग्य नाही, असा आढाव्याचा निष्कर्ष होता. काही अभ्यासांत करोनाग्रस्त प्रौढांच्या प्रतिमांची तुलना लहान मुलांच्या प्रतिमांशी केलेली होती. अशी तुलना रोगाऐवजी वय ओळखायला शिकवते, हे सांगण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नव्हती. छातीचे चित्र नित्य पाहणाऱ्या एखाद्या क्ष-किरणतज्ज्ञाने निबंध वाचला असता तरी पुरेसे होते.

याचा अर्थ एका ठिकाणचे प्रतिमान दुसरीकडे वापरूच नये, असा होत नाही. क्षयरोगाच्या प्राथमिक चाचणीसाठी पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्ष-किरण प्रतिमा संगणकाकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. मात्र संगणकाने दिलेल्या गुणांपैकी किती गुणांच्या वर रुग्णाला पुढील तपासणीसाठी पाठवावे, ही मर्यादा त्या त्या ठिकाणच्या परिस्थितीनुसार निश्चित करण्याची पद्धतही सोबत देण्यात आली. ज्या वस्तीत क्षयाचे प्रमाण अधिक आहे किंवा जेथे अनेकांच्या फुप्फुसांवर जुन्या क्षयाचे व्रण आहेत, तेथे तोच गुण वेगळा अर्थ धारण करतो. निष्कर्ष नेण्याची योग्य रीत येथे दिसते. यंत्र तेच राहते. त्याचे माप स्थानिक पातळीवर पुन्हा जुळवले जाते.

३. शेतमालाचा व्यापार : निर्देशांकातील कांदा आणि शेतातील कांदा

वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांतील निबंधांत शेतमालाच्या निर्यातीची स्पर्धाक्षमता मोजण्यासाठी बेला बालासा यांनी १९६५ मध्ये रूढ केलेला प्रकट तुलनात्मक लाभाचा निर्देशांक मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. देशाच्या एकूण निर्यातीत एखाद्या वस्तूचा वाटा किती आणि जगाच्या एकूण निर्यातीत त्या वस्तूचा वाटा किती, यांचे हे गुणोत्तर आहे. ते १ पेक्षा अधिक असल्यास देशाला त्या वस्तूत तुलनात्मक लाभ आहे, असे मानले जाते. आकडेवारी सहज उपलब्ध असल्याने आणि गणित सोपे असल्याने हा निर्देशांक लोकप्रिय झाला.

परंतु बालासा यांनी आपला अभ्यास औद्योगिक देशांच्या कारखानदारी मालापुरता मर्यादित ठेवला होता. शेतमाल व इतर प्राथमिक वस्तूंचा व्यापार अनुदाने, कोटा आणि विशेष करारांनी इतका प्रभावित असतो की निर्यातीच्या आकड्यांतून खरा लाभ प्रकट होत नाही, हे त्यामागील कारण होते. म्हणजेच निर्देशांकाच्या जनकाने जी सीमा आखली होती, नेमकी तीच ओलांडून तो शेतमालाला लावला जातो. सीमा ओलांडण्यास हरकत नाही. ओलांडली आहे याचा उल्लेखही नसणे, ही हरकतीची बाब आहे.

भारतीय कांद्याच्या बाबतीत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २०२० रोजी कांदा निर्यातीवर बंदी घातली व ती १ जानेवारी २०२१ पासून उठवली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आकारले, ऑक्टोबर २०२३ अखेर प्रतिटन ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरवले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा बंदी घातली. ती ४ मे २०२४ रोजी प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क लावून उठली. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट जाऊन शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. आता २०२०-२१ आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षांचे आकडे घेऊन निर्देशांक काढल्यास त्यांतील प्रत्येक वर्षाचे साडेतीन ते चार महिने निर्यातबंदीचे निघतात. त्या वर्षी निर्देशांक घसरला तर ती घसरण लासलगावच्या बाजारात आलेल्या कांद्याची नसून अधिसूचनेची असते.

येथे प्रश्न केवळ गणिती शुद्धतेचा राहत नाही. निर्देशांकाच्या घसरणीवरून ‘भारतीय कांद्याची स्पर्धाक्षमता कमी होत आहे, उत्पादकांनी उत्पादकता व प्रत सुधारावी’ अशी शिफारस सहज लिहिली जाते. रब्बीचा कांदा चाळीत साठवून पावसाळ्यानंतरच्या भावाची वाट पाहणाऱ्या नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याने दर्जा राखलेला असतो. बदललेला असतो तो नियम. धोरणाचा परिणाम उत्पादकाच्या उणिवेच्या खात्यावर जमा होतो आणि त्यावर संशोधनाची मोहोर उमटते. अशा शिफारशीचा उपयोग ज्याला होतो आणि तिचा भार ज्याच्यावर पडतो, ते दोन पक्ष भिन्न असतात.

द्राक्षांचा अनुभव आणखी एक मर्यादा दाखवतो. २००६ पासून ‘अपेडा’च्या ‘ग्रेपनेट’ या व्यवस्थेमुळे युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग थेट बागेपर्यंत काढता येऊ लागला होता. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्याने युरोपीय बाजारात भारतीय द्राक्षे अडवली गेली. भाव, उत्पादकता, वाहतूक यांपैकी कशातही दोष नव्हता. कोणत्या रसायनांची तपासणी करावयाची, याच्या यादीचा तो प्रश्न होता. निर्यातीच्या आकड्यांना ही यादी दिसत नाही. ती पाहण्यासाठी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे दार ठोठवावे लागते.

४. पूरसंरक्षण : कालचा पाऊस आणि उद्याची नदी

पूरसंरक्षणाचे सर्व शास्त्र भूतकाळातील नोंदींवर आधारलेले आहे. महाराष्ट्रात नदीकाठची निळी पूररेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आधारे आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आधारे आखली जाते. ‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दप्रयोगाचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता असा आहे. सामान्य वाचक मात्र तो ‘एकदा आला, आता शंभर वर्षे निश्चिंती’ असा घेतो. प्रत्यक्षात ३० वर्षांच्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी किमान एकदा पोहोचण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आणि निळ्या रेषेच्या बाबतीत ती सुमारे ७१ टक्के येते. घरासाठी घेतलेले कर्ज फेडण्याचा काळही साधारण एवढाच असतो. या साध्या गुणाकाराचा उल्लेख पूररेषांवरील निबंधांत झाल्यास अभियांत्रिकीचा निष्कर्ष नागरिकाच्या निर्णयापर्यंत पोहोचू शकेल.

हे गणितही एका गृहीतावर उभे आहे. मागील नोंदींच्या काळात पाऊस व नदी यांचे जे वर्तन होते तेच पुढेही राहील, असे त्यात मानलेले असते. पी. सी. डी. मिली व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे गृहीत आता टिकत नसल्याचे प्रतिपादन केले. कृष्णा व पंचगंगेच्या खोऱ्यांत २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सतरा पावसाळ्यांत आले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ते ५५ फुटांच्या पुढे पोहोचले. जुन्या नोंदींवर आखलेली रेषा ही वर्तमानात लागू करताना काळाच्या बाबतीत झालेले स्थलांतरच असते.

स्थळाच्या बाबतीतही असेच घडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच काळात कुलाब्याची नोंद ७५ मिलिमीटरच्याही आत होती. एकाच शहरातील, एकाच लोकलमार्गाने जोडल्यासारखी ही दोन ठिकाणे. शहरातील पर्जन्यजलवाहिन्यांचे जुने जाळे ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होते आणि १९९३ च्या आराखड्याने ती क्षमता ताशी ५० मिलिमीटर करण्याचे सुचवले होते. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालाने मुंबईच्या पुराचा विचार नद्या, भरती, भराव आणि पर्जन्यमापन यांच्या एकत्रित संदर्भात केला. एका वेधशाळेचा आकडा संपूर्ण शहराला लावता येत नाही, हा धडा त्या एका दिवसाने दिला.

निष्कर्षाच्या अटी विसरल्यास सार्वजनिक चर्चा कशी भरकटते, हे अलमट्टीच्या वादात पाहता येते. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये अहवाल दिला आणि अलमट्टी धरणाच्या फुगवट्याला त्या पुराचे कारण मानले नाही. हा निष्कर्ष ५१९.६० मीटर या जलपातळीच्या मर्यादेत चालवल्या गेलेल्या धरणाविषयीचा आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या २०१० च्या निवाड्यात ही पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास अनुमती देण्यात आली आहे. ‘अलमट्टीमुळे पूर येत नाही’ एवढेच वाक्य उचलून ते वाढीव उंचीला लावणे जितके चुकीचे, तितकेच वाढीव उंचीविषयीची भीती २०१९ च्या पुराचे कारण म्हणून मागे नेणे चुकीचे आहे. प्रत्येक पातळीसाठी प्रवाहाचा हिशेब नव्याने करावा लागतो.

पूर हा केवळ पाण्याचा विषय नाही, ही जाणीव भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात मांडली होती. केवळ बांध व धरणे यांवर विसंबल्याने पूरप्रवण जागेत वस्ती वाढते आणि पुढील हानी मोठी होते, असा त्यांचा रोख होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून जीवितहानी झाली. धरणातील विसर्गाच्या अचूक प्रतिमानात त्या नावेचा समावेश होत नाही. गावात किती नावा आहेत, त्या किती माणसे पेलतात आणि स्थलांतराचा आदेश कोण, केव्हा देतो, हे प्रश्न लोकप्रशासन व समाजशास्त्र यांच्या अभ्यासकांनी जलअभियंत्यांसमोर मांडावयाचे आहेत.

५. उद्योगातील वारसा : तिसऱ्या पिढीची दंतकथा

कौटुंबिक उद्योगांवरील निबंध बहुधा एका वाक्याने सुरू होतो : सुमारे ३० टक्के उद्योग दुसऱ्या पिढीपर्यंत आणि सुमारे १३ टक्के तिसऱ्या पिढीपर्यंत टिकतात. हे वाक्य जगभर फिरलेले आहे. त्याचे मूळ जॉन वॉर्ड यांच्या १९८७ मधील ग्रंथात सापडते. वॉर्ड यांनी अमेरिकेतील इलिनॉय या एका राज्यातील २०० कारखानदारी उद्योगांचा १९२४ ते १९८४ या काळातील प्रवास पाहिला होता. साठ वर्षांनंतर १३ टक्के उद्योग त्याच कुटुंबाच्या मालकीचे होते, ५ टक्के बाहेरच्यांना विकले गेले होते आणि २ टक्क्यांचे समभाग जनतेसाठी खुले झाले होते. या काळात महामंदी आणि दुसरे महायुद्ध येऊन गेले. सेवाक्षेत्र, व्यापारी पेढ्या, शेतीपूरक उद्योग यांचा त्यात समावेश नव्हता. चांगल्या किमतीला विकला गेलेला उद्योगही कुटुंबाच्या दृष्टीने ‘न टिकलेला’ ठरला. बिगरकौटुंबिक उद्योग त्याच काळात किती टिकले, याची तुलनाही त्या आकड्यात नाही. एवढ्या अटी असलेला आकडा इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांवरील वा पुण्याच्या लघुउद्योजकांवरील निबंधात सार्वत्रिक नियम म्हणून अवतरतो, तेव्हा पुढील सर्व विवेचन चुकलेल्या पायावर उभे राहते.

भारतात वारशाचा प्रश्न कायद्यापासून वेगळा काढता येत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. केंद्रीय दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे मुलगा-मुलगी हा भेद न करता अपत्यांचा वाटा राखून ठेवावा लागतो आणि मालकाला मृत्युपत्राने साधारणतः अर्ध्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते. म्हणजे सावंतवाडीतील आणि म्हापशातील दोन दुकानदार, एकच भाषा बोलणारे, एकाच बाजारातून माल आणणारे, वारशाबाबत दोन भिन्न चौकटींत निर्णय घेतात. एका बाजूच्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष दुसऱ्या बाजूस लावताना ही सीमा लक्षात घ्यावी लागते.

पद्धतीच्या उसनवारीचे अधिक सूक्ष्म उदाहरण डेन्मार्कमधील अभ्यासात आहे. मॉर्टन बेनेडसन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे दाखवले की, मुख्याधिकारीपद कुटुंबातच दिल्यास उद्योगाची नफाक्षमता किमान ४ टक्के-अंकांनी घटते. दुबळे उद्योगच कुटुंबात राहतात की कुटुंबात राहिल्याने ते दुबळे होतात, हा पेच सोडवण्यासाठी त्यांनी मालकाचे पहिले अपत्य मुलगा आहे की मुलगी, या बाबीचा आधार घेतला. पहिला मुलगा असल्यास पद कुटुंबात राहण्याची शक्यता वाढते, पण अपत्याचे लिंग उद्योगाच्या प्रकृतीवर अवलंबून नसते. त्यामुळे कार्यकारणभाव वेगळा करता येतो. डेन्मार्कसाठी ही युक्ती समर्पक आहे.

तीच युक्ती महाराष्ट्रात जशीच्या तशी वापरता येईल काय? २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातील पहिले राज्य होते, यावरून प्रश्नाची तीव्रता कळते. भारतातील अभ्यासांनुसार लिंगनिवडीचा परिणाम पहिल्या अपत्यापेक्षा, पहिली मुलगी असताना होणाऱ्या दुसऱ्या अपत्यात प्रामुख्याने दिसतो. म्हणून पहिल्या अपत्याचे लिंग नैसर्गिक आहे, असे गृहीत धरण्यापूर्वी ते त्या नमुन्यात तपासावे लागेल. शिवाय पहिली मुलगी झाल्यास मुलाच्या अपेक्षेने कुटुंब वाढते, विवाहखर्चासाठी बचत होते, भांडवल उद्योगातून बाजूला काढले जाते. म्हणजे अपत्याचे लिंग वारसदाराच्या निवडीखेरीज अन्य मार्गांनीही उद्योगावर परिणाम करते आणि मूळ युक्तीची अट भंगते. व्यवस्थापनशास्त्रातील एका सांख्यिकीय पद्धतीची पात्रता सोनोग्राफी यंत्राच्या सामाजिक वापरावर अवलंबून असावी, हे बहुविद्याशाखीय विचाराचे खरे निकडीचे स्थान होय.

६. तज्ज्ञ-परीक्षणापुढील प्रश्न

चारही क्षेत्रांतील दोषाचे स्वरूप सारखे आहे. प्रतिमेत रोगासोबत रुग्णालय होते, निर्यातीच्या आकड्यात स्पर्धाक्षमतेसोबत अधिसूचना होती, पूररेषेत नदीसोबत जुना काळ होता आणि टक्केवारीत उद्योगासोबत इलिनॉय होते. मापनाने जे पकडले ते आणि मापनाला जे नाव दिले ते, यांत अंतर पडले. हे अंतर त्या शाखेच्या आत असलेल्याला सहसा जाणवत नाही, कारण ते नाव त्याच्या सरावाचे झालेले असते. शेजारच्या शाखेतील जिज्ञासू वाचकाला ते चटकन दिसते. बहुविद्याशाखीय नियतकालिकाची उपयुक्तता याच ठिकाणी आहे.

या दृष्टीने परीक्षकाने प्रत्येक निबंधाला पुढील प्रश्न विचारणे इष्ट ठरेल.

(१) वापरलेली पद्धत वा आकडा मूळ कोणत्या नमुन्यावर, कोठे व कोणत्या काळात सिद्ध झाला?
(२) मूळ संशोधकाने घातलेली कोणती मर्यादा येथे ओलांडली आहे आणि ती ओलांडण्याचे समर्थन काय?
(३) मोजलेली गोष्ट अन्य कोणत्या कारणाने बदलली असण्याची शक्यता आहे?
(४) शिफारस अमलात आल्यास आणि निष्कर्ष चुकीचा ठरल्यास हानी कोणाची होईल?

चौथा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक तोच परीक्षणाला नैतिक वजन देतो.

या प्रश्नांना आता विशेष महत्त्व आले आहे. नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी बंद केल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि नियतकालिकाची गुणवत्ता पारखण्याची जबाबदारी मार्गदर्शक निकषांसह उच्च शिक्षणसंस्थांकडे सोपवली. तत्पूर्वी २०२२ च्या पीएच.डी. नियमांत प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती उरली नव्हती. यादीत नाव आहे की नाही, एवढ्यावर निबंधाची किंमत ठरवण्याची सोय संपली आहे. पदोन्नतीच्या गुणांसाठी निबंध लिहिला जाण्याची प्रथा एका दिवसात जाणार नाही, हे खरे. तथापि, बाहेरील शिक्का गेल्यानंतर महाविद्यालयाच्या स्वतःच्या परीक्षणावाचून दुसरा आधार उरत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. लहान महाविद्यालयातील अध्यापकाला मोठा नमुना, प्रयोगशाळा व निधी उपलब्ध नसतो. त्याने उसनवारी करू नये तर काय करावे? या आक्षेपात तथ्य आहे. परंतु उसन्या पद्धतीची स्थानिक पडताळणी करण्यास मोठा निधी लागत नाही. निर्यातीच्या वार्षिक आकड्यांऐवजी मासिक आकडे घेऊन बंदीचे महिने वेगळे काढणे, गावातील वृद्धांनी दाखवलेल्या पूरखुणा पूररेषेच्या नकाशाशी ताडून पाहणे, तालुक्यातील पन्नास दुकानांत मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याची दोन पिढ्यांची नोंद करणे, ही कामे पदवीच्या विद्यार्थ्यांसह करता येतात. परदेशी विद्यापीठाला ती करता येणार नाहीत. स्थानिकता ही महाविद्यालयीन संशोधनाची उणीव समजली जाते. वस्तुतः ते त्याचे भांडवल आहे.

७. समारोप

निष्कर्षांचे स्थलांतर थांबले तर ज्ञानाची वाढच थांबेल. राडॉनचे गणित कॉर्मॅकपर्यंत आणि कॉर्मॅकचे हाउन्सफील्डपर्यंत वेळेवर पोहोचले असते, तर सीटी स्कॅन कदाचित पूर्वीच रुग्णाच्या उपयोगी पडला असता. म्हणून प्रश्न नेण्याचा नसून नेताना सोबत काय न्यावे याचा आहे. नमुना, काळ, स्थळ आणि मूळ संशोधकाची सावधगिरी यांच्यासह निष्कर्ष आला तर तो नव्या ठिकाणी तपासता येतो, दुरुस्त करता येतो आणि प्रसंगी नाकारताही येतो. त्यांच्याविना आला तर तो केवळ अधिकारवाणीने उच्चारलेला आकडा राहतो. क्षयाच्या चाचणीसाठी रांगेत उभा असलेला रुग्ण, चाळीत कांदा भरून बसलेला शेतकरी, लाल रेषेच्या आत घर बांधलेला नदीकाठचा रहिवासी आणि वडिलांच्या पेढीत हक्क मागणारी मुलगी हे त्या आकड्याचे अंतिम वाचक आहेत. निबंधाचे परीक्षण करताना त्यांना समोर ठेवणे, हे तज्ज्ञ-परीक्षणाचे पहिले कर्तव्य ठरते.